मशीन लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते?

माझा धाकटा भाऊ यंदा इंजिनीअरिंगसाठी सीईटीला बसलाय आणि घरात परत तोच विषय सुरू झालाय, कुठलं कॉलेज, कुठली ब्रांच, पुणे की जवळपास कुठंतरी. माझं हे सगळं २०२२ ला झालं, आता इलेक्ट्रिकलचं शेवटचं सेमिस्टर संपत आलंय. रोज फोनवर त्याला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते म्हटलं, त्याच्याबरोबर अजून कुणाच्या कामाला आलं तर चांगलंच.

आम्ही सांगोल्याचे. पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. डाळिंबाचा पट्टा, सगळं पाणी बोअरवर आणि विहिरीवर, त्यामुळं मोटरी जळणं हे आमच्याकडं बारा महिने चालूच. मी सातवी-आठवीपासून दुकानात बसायचे, स्लॉटमधून (खाचांतून) जळकी तार ओढून काढायची, कॉइलचे टर्न म्हणजे वेढे मोजायचे, पेपर कापून द्यायचे. वार्निशचा वास मला घरचा वाटतो. म्हणून मला इलेक्ट्रिकल पाहिजे होतं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, पण ते मोठ्यानं बोलायला मला बारावीच्या निकालापर्यंत वेळ लागला.

सीईटीचा निकाल १५ सप्टेंबर २०२२ ला लागला. ९२.३ पर्सेंटाइल, कॅटेगरी ओपन. आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून फोन सुरू. नातेवाइकांचे वेगळे आणि कॉलेजांचे वेगळे. माझा नंबर कुठून मिळाला कुणास ठाऊक, दिवसाला सात-आठ कॉलेजांचे फोन यायचे, "मॅडम तुमच्या पर्सेंटाइलला आमच्याकडे कॉम्प्युटर मिळून जाईल, बसची फी माफ करतो, फक्त ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या". पुण्यातले काका म्हणाले कॉम्प्युटर नाहीतर आयटी, ते नाही मिळालं तर एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), पण मुलीनं इलेक्ट्रिकल घेऊन काय खांबावर चढायचंय का. आत्या म्हणाली लांब नको. आई म्हणाली होस्टेल चांगलं बघा, बाकी तुम्ही काय ते ठरवा.

पप्पा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना म्हणाले, "गिऱ्हाईक मोटर घ्यायला येतं तेव्हा आपण काय सांगतो, चालवून बघ. मग कॉलेज का बघू नये चालवून? चल, बघून येऊ."

पितृपंधरवडा होता. आजी म्हणाली या दिवसांत नवीन काही ठरवू नका, तर पप्पा म्हणाले ठरवत नाही, नुसतं बघायला जातोय. घटस्थापनेच्या आत आम्ही चार कॉलेजं बघितली, सगळी एसटीनं. मला आजही वाटतं की माझ्या ॲडमिशनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम या चार फेऱ्यांत झालं. फॉर्म भरणं वगैरे त्याच्या पुढं काहीच नाही.

पहिलं पुण्यातलं, प्रायव्हेट, मोठं नाव. नाव लिहीत नाही. गेटमधून आत गेलो तर एवढं सुंदर की मी पप्पांना म्हटलं इथंच घेऊ. रिसेप्शनला कौन्सेलर मॅडम, हातात रंगीत ब्रोशर, वर मोठ्या अक्षरांत हायेस्ट पॅकेज. मॅडम छान बोलल्या, लायब्ररी दाखवली, ऑडिटोरियम दाखवलं, कॉम्प्युटर लॅब दाखवली. पप्पा मधेच म्हणाले, मशीन लॅब (मोटरी-जनरेटरवर प्रॅक्टिकल करायची लॅब) बघायची होती. मॅडमनी दोन ठिकाणी फोन केला, आम्ही कॉरिडॉरमध्ये वीस मिनिटं उभे, मग कळलं की चावी लॅब असिस्टंटकडे आहे आणि ते रजेवर आहेत. पप्पांनी दाराच्या काचेतून आत बघितलं, मशीनी दिसत होत्या, नव्या, चांगल्या कंपनीच्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पॅनेलवर धूळ आहे गं. टर्मिनलचे नट बघ, रंग पण उडला नाही त्यांचा. कनेक्शन केलेल्या पॅनेलचे नट असे राहत नाहीत."

खरं सांगते, मला हे सुचलंच नसतं. तिथून माझा एक प्रश्न तयार झाला आणि पुढं जिथं विचारता आलं तिथं मी तोच पहिला विचारला: मशीन लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि चावी कुणाकडं असते?

दुसरं कॉलेज घरापासून चाळीस किलोमीटरवर, नवीन इमारत. तिथं उत्तर मिळालं, "प्रॅक्टिकलच्या वेळेत उघडी असते." म्हणजे आठवड्यातून दोन तास. आणि तिथंच आम्हाला सांगितलं की ओरिजिनल एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि मार्कशीट आत्ताच जमा करा, तुमची सीट आम्ही धरून ठेवतो. पप्पा पिशवी उघडायला लागले होते, मी हात धरला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, कुठलंच कॉलेज तुमची सीट धरून ठेवू शकत नाही, सीट सरकारच्या सीईटी सेलच्या सिस्टीममधून मिरिटवर मिळते, आणि ओरिजिनल कागद तपासून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. एकदा एलसी त्यांच्याकडं गेली की पुढच्या राउंडला दुसरीकडं नंबर लागला तरी तुम्ही त्यांच्या दारात चकरा मारत बसता. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचं हे झालेलं आहे.

तिसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बंदच होतं त्या दिवशी.

चौथं म्हणजे जुनं सरकारी कॉलेज, घरापासून चार तास. एसटी रस्त्यात बंद पडली त्यामुळं पोचायलाच पावणेपाच वाजले. ऑफिस आवरायला लागलेलं, शिपायानं सांगितलं उद्या या. भिंतींचे पापुद्रे निघालेले, पायऱ्यांवर पावसाचं शेवाळ, मी मनातून खट्टूच झाले होते. पप्पा म्हणाले आलोय तर डिपार्टमेंट बघून जाऊ. मागच्या बाजूला एक लांब शेड, दार सताड उघडं, आत ट्यूबलाइट चालू, आणि मोटर फिरल्याचा आवाज. सहा-सातजण होते, दोघी मुली. एका टेबलावर जुन्या पंख्याचं स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, कॉइल भरलेला भाग) उघडून ठेवलेलं आणि एक मुलगी कॉइल भरत होती. चुकीची भरत होती. पप्पांना राहवलं नाही, त्यांनी चप्पल काढली (लॅबमध्ये का काढली काय माहीत, दुकानात बसायची सवय) आणि तिला पीच, म्हणजे एक कॉइल किती स्लॉटच्या अंतरानं भरायची, ते कसं मोजायचं हे दाखवायला लागले.

तिथले लॅब असिस्टंट काका बाजूला उभं राहून बघत होते. मग त्यांनी पप्पांना चहा पाजला. मी माझा प्रश्न विचारला तर काका म्हणाले, "साडेपाचला माझी ड्युटी संपते. पोरं असली तर आठपर्यंत थांबतो. थर्ड इयरच्या दोघांकडं सही करून चावी असते, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) परवानगीनं. पण सप्लाय चालू करायचा तर मी नाहीतर सर हजर पाहिजेत, त्यात सूट नाही." दुसरं विचारलं, प्रॅक्टिकलला कनेक्शन कोण करतं. त्या कॉइलवालीनंच उत्तर दिलं, चारजणांची बॅच असते आणि प्रत्येक प्रॅक्टिकलला कनेक्शन करणारा बदलतो, सर नावानिशी लिहून ठेवतात. बऱ्याच कॉलेजांत काय होतं की बॅचमधला एकच पोरगा वायरी जोडतो, बाकीचे रीडिंग लिहितात, आणि कधीकधी तेही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. चार वर्षांनी डिग्री सगळ्यांना मिळते पण स्टार्टर एकाच्याच हाताला माहीत असतो.

परतीच्या गाडीत पप्पा झोपले, मी नाही. माझं ठरलं होतं.

तरी घरी आल्यावर मी कागदावरची तपासणी केली, कारण नुसती लॅब उघडी आहे म्हणून चार वर्षं देता येत नाहीत. जे बघितलं ते सांगते. पहिलं म्हणजे एनबीए. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासून दिलेल्या मान्यता, पण नॅक पूर्ण कॉलेजला असतं पण एनबीए ब्रांचला असतं, त्यामुळं "आमचं कॉलेज एनबीए आहे" असं कोणी म्हणालं तर विचारायचं, कुठल्या ब्रांचला, आणि कधीपर्यंत. दुसरं प्लेसमेंट. हायेस्ट पॅकेज बघूच नका, ते एका पोराचं असतं. जी कॉलेजं एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेतात त्यांना आपला डेटा स्वतःच्या वेबसाइटवर टाकावा लागतो, त्या पीडीएफमध्ये किती मुलं ॲडमिशन झाली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढं शिकायला गेली आणि मिडियन पगार किती, हे सगळं असतं. मिडियन म्हणजे सगळ्यांना ओळीनं उभं केलं तर बरोबर मधला. एका कॉलेजच्या ब्रोशरवरचा आकडा आणि त्यांच्याच पीडीएफमधला मिडियन शेजारी ठेवून मी पुण्यातल्या काकांना पाठवला, त्यानंतर काकांचा एआय-डीएसचा आग्रह थोडा कमी झाला. अजून एक, ऑफर किती आणि मुलं किती हे वेगळं विचारायचं, एकाच पोराला तीन ऑफर असतील तर काही ठिकाणी त्या तीन मोजतात.

तिसरं, मी लिंक्डइनवर त्या सरकारी कॉलेजच्या इलेक्ट्रिकलच्या अकरा सीनियरना मेसेज केले. चौघांनी उत्तर दिलं. एकानं सरळ लिहिलं, कॉम्प्युटरवाल्यांच्या मानानं आपल्याकडं कंपन्या कमी येतात, कोअरच्या (आपल्या ब्रांचच्या कामाच्या) अजून कमी, इथं येऊन बसलीस तर काही आपोआप मिळणार नाही, पण शिकायचं असलं तर कोणी अडवत नाही. हे वाक्य मला फार खरं वाटलं. ज्या कॉलेजबद्दल सगळे फक्त चांगलंच सांगतात तिथं मला अजूनही शंका येते.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचची पसंती क्रमानं भरायचा फॉर्म. इथं आमच्या घरात खरी भांडणं झाली. पप्पांचं म्हणणं, वर अवघड कॉलेजं टाकली तर खालची हातची जातील. अनेकांना असंच वाटतं. पण सिस्टीम वरून खाली येते, पहिला ऑप्शन तुमच्या मिरिटला बसतो का, नाही, मग दुसरा, नाही, मग तिसरा. वर अवघड टाकल्यानं खालचं काही जात नाही. म्हणून क्रम कटऑफचा लावायचा नसतो, आपल्या आवडीचा लावायचा असतो. ३०० पर्यंत ऑप्शन टाकता येत होते, मी ४१ टाकले. एकच नियम ठेवला, जे मिळालं तर रडू येईल ते टाकायचंच नाही. काकांच्या समाधानासाठी पुण्यातलं ते, जिथली लॅब काचेतून बघितली ते, मी पाचव्या नंबरला टाकलं होतं, फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्री काढून टाकलं. काकांना तेव्हा सांगितलं नाही, ॲडमिशन झाल्यावर सांगितलं.

कटऑफच्या याद्या वाचताना ते कोड कळले पाहिजेत. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. मी सोलापूर युनिव्हर्सिटीच्या भागातली, त्यामुळं पुण्यातल्या बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांत मी "बाहेरची" आणि तिथं माझ्यासाठी सीटाच कमी. आधी मी नुसतं जी-ओपन-एचचं कटऑफ बघून खूश होत होते, ते माझं नव्हतंच. ऑटोनॉमस (स्वायत्त) सरकारी कॉलेजच्या सीटा स्टेट लेव्हल होत्या, तिथं माझा कोड एल-ओपन-एस, आणि तो मला बसत होता. आणि टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या सीटा, त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ते वेगळे ऑप्शन म्हणून टाकावे लागतात, आपोआप धरले जात नाहीत. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मला कळलं.

पहिल्या राउंडला मला नववा ऑप्शन लागला. सीट ॲक्सेप्ट केली पण फ्रीझ (कायम) केली नाही, बेटरमेंटला ठेवली, म्हणजे पुढच्या राउंडला वरचा ऑप्शन मिळायची वाट मोकळी ठेवली. ते दहा-बारा दिवस कसे गेले सांगता येत नाही, दिवाळी मधेच येऊन गेली, आईनं चकल्या केल्या त्या कुणी खाल्ल्या आठवत नाही. दुसऱ्या राउंडला तिसरा ऑप्शन. तेच, शेडवालं. पप्पांनी दुकानात पेढे ठेवले आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची पण लाइन पुढं चालली."

फीबद्दल पण लिहिते कारण हे अनेकांचं अडतं. कॅपमधून ॲडमिशन असली तरच महाडीबीटी या पोर्टलवरच्या सरकारी शिष्यवृत्त्या लागू होतात, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. ओपनमध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी व्हायची, पहिली दोन वर्षं मला तशी झाली. मग २०२४ च्या जुलैमध्ये सरकारचा जीआर आला आणि त्याच उत्पन्नाच्या अटीत मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, आधीपासून शिकणाऱ्यांना पण, त्यामुळं थर्ड इयरपासून माझी ती फी लागली नाही. पण फॉर्म दरवर्षी आपणच भरायचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवायचा. आमच्या वर्गात दोघींचं फक्त दाखला उशिरा आल्यानं राहिलं.

इथपर्यंत कॉलेज मिळवायचं झालं. मिळालेल्या कॉलेजचं करायचं काय, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही. फर्स्ट इयरला इलेक्ट्रिकलचा संबंध एका विषयापुरता, बाकी मॅथ्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग. मला वाटायचं मी मशीन लॅबसाठी आले आणि इथं प्रोजेक्शनं काढतेय. दुसऱ्या सेमला मॅथ्स राहिलं. बॅक लागला. त्या रात्री मी होस्टेलच्या जिन्यात बसून खूप रडले, कारण नातेवाइकांचं "सरकारी घेऊन चूक केली" हे वाक्य मला ऐकू यायला लागलं होतं. पप्पांना फोन केला तर म्हणाले, "जळालेली मोटर भंगारात टाकतो का आपण? परत भर." पुढच्या परीक्षेत निघालं ते मॅथ्स, पण मॅथ्सला मी पहिल्यापासून धरलं नाही याची किंमत मला नंतर कंट्रोल सिस्टीम या विषयाला मोजावी लागली, त्यातलं लाप्लासचं गणित डोक्यात बसायलाच दोन महिने गेले. ब्रांच आवडीची असली की बाकीचे विषय आपल्या कामाचे नाहीत असं वाटतं, तसं नसतं.

सेकंड इयरला लॅब सुरू झाली आणि लगेच दुसरीच अडचण. लॅब आठपर्यंत उघडी, आणि मुलींच्या होस्टेलचं गेटही आठला बंद. म्हणजे मुलं आठपर्यंत काम करणार आणि आम्ही साडेसातला अर्धवट कनेक्शन सोडून पळणार. हे मी बघायला आले तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं, होस्टेलची वेळ विचारायला पाहिजे होती, मुलींनी तर नक्की विचारा. आम्ही ३१ जणींनी सह्या करून अर्ज दिला. उत्तरच नाही. दुसरा अर्ज केला तो एचओडी सरांच्या शिफारशीनं, सोबत मागच्या महिन्याची लॅबची नोंदवही जोडली, कोण किती वाजेपर्यंत होतं त्याची. तिसऱ्या आठवड्यात परवानगी आली, लॅबची स्लिप असेल तर साडेनऊपर्यंत. पुढं लॅबचे काकाही सोडायला गेटपर्यंत यायचे. आता फर्स्ट इयरच्या पोरींना ती वेळ आधीपासूनच होती असं वाटतं.

आणि खरं शिक्षण मला कुठून मिळालं तर दुकानात सुरू केलेल्या एका वहीतून. सेकंड इयरच्या उन्हाळ्यात मी दुकानात बसले होते (एसटीचं तिकीट महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं झालं, त्यामुळं घरी फेऱ्याही वाढल्या), आणि सिंगल फेजिंग नुकतंच शिकलेलं. तीन फेजपैकी एक गेला तरी मोटर फिरत राहते, उरलेल्या दोन लाइनमध्ये करंट वाढतो आणि वाइंडिंग जळतं. पुस्तकात तेवढंच. पण पप्पा मोटर उघडून नुसतं बघून सांगायचे, ही फेज गेल्यानं जळाली, ही लो व्होल्टेजनं. मी विचारलं कसं ओळखता, तर म्हणाले, "काळं कुठं पडलंय बघ की." मोटरीतल्या तीन फेजच्या कॉइल एकमेकींना जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार कनेक्शनची मोटर एक फेज गेल्यावर जळाली तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या चांगल्या राहतात. डेल्टा असेल तर उलट, एकाच फेजच्या जास्त जळतात. सगळ्या सारख्या काळ्या असतील तर ओव्हरलोड नाहीतर व्होल्टेज कमी. पप्पांना हे पंचवीस वर्षांत डोळ्यांनी कळलेलं, मला ते वहीत मांडून सिद्ध करावंसं वाटलं.

मग मी रजिस्टर सुरू केलं. तारीख, गाव, किती एचपी, स्टार की डेल्टा, काळं कुठल्या कॉइलला, त्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) साधारण किती मोटरी, स्टार्टरला ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारं) लावलंय का. मी कॉलेजला असताना पप्पा भरायचे, त्यांच्या अक्षरात, फोटो काढून पाठवायचे. कॉलेजात सरांना दाखवलं तर सर म्हणाले हे लॅबमध्ये करून बघू. लॅबचे काका हजर, लोड अगदी कमी, एका फेजचा फ्यूज काढला आणि मीटरवर उरलेल्या लाइनचा करंट वर जाताना मी स्वतः बघितला, जवळपास पावणेदोन पट. आवाज बदलतो मोटरचा. तो आवाज मी दुकानाच्या दारात शेतकऱ्यांच्या तोंडून "घुमतीय हो" म्हणून कित्येकदा ऐकला होता.

फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यातूनच झाला, तीन फेजचे करंट बघून मोटर बंद करणारं आणि कशामुळं बंद केली हे सांगणारं छोटं पॅनेल. बाजारात फेज गेली की मोटर बंद करणारे फेज प्रिव्हेंटर मिळतात, नवीन शोध काही नाही, पण आमच्याकडं आमच्या भागातल्या २०० च्या वर मोटरींची नोंद होती आणि त्यावरून ट्रिपची, म्हणजे मोटर बंद करायची वेळ कुठं ठेवायची ते ठरवलं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या सरकारी उपक्रमाचा बारा आठवड्यांचा मशीन्सचा कोर्स पण याच काळात केला, व्हिडिओ फुकट असतात, परीक्षा द्यायची तर तेव्हा हजार रुपये लागायचे. वर्गात जे सुटलं होतं ते तिथं रात्री परत परत थांबवून बघता यायचं.

प्लेसमेंटचं त्या सीनियरनं सांगितलं तसंच झालं. कंपन्या कमी, त्यातल्या निम्म्या सॉफ्टवेअरच्या. चार ठिकाणी मी बाहेर पडले, दोन ठिकाणी ॲप्टिट्यूडला, दोन ठिकाणी इंग्रजीत बोलताना अडकले. बोलण्याची तयारी मी तीन वर्षं केलीच नव्हती, लॅबमध्ये सगळं मराठीतच चालायचं, हे मी सेकंड इयरलाच सुरू करायला हवं होतं. पाचवी कंपनी ट्रान्सफॉर्मर बनवणारी. इंटरव्ह्यूला रजिस्टर सोबत नेलं होतं. त्यांनी पानं उलटली, पप्पांच्या अक्षरातलं "दोन काळ्या एक बरी" वाचलं आणि पुढं पाऊण तास फक्त त्यावरच बोलत होते. ऑगस्टमध्ये जॉइनिंग आहे.

आता धाकट्याचं. त्याच्यासाठी नियम थोडे बदललेत. २०२५ पासून तीनऐवजी चार राउंड झालेत, आणि पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीझ, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे वरची सहा नावं फार विचार करून टाकायची, मी पाचव्या नंबरला काकांसाठी टाकलं होतं तसलं काही त्यात चालणार नाही. यंदाची प्रवेशाची माहितीपुस्तिका आली की तो नियम परत वाचून घ्यायचा हेही त्याला सांगितलंय.

त्याला मेकॅनिकल पाहिजे. मी विचारलं वर्कशॉपची चावी कुणाकडं असते ते विचारलंस का, तर म्हणाला, "दीदी, तीन कॉलेजांत विचारलं, एका ठिकाणी मला लेथवर उभं केलं." ते त्याचं सध्या पहिल्या नंबरला आहे. सहातली तीन बघून झालीत. उरलेल्यांपैकी दोन एकाच रस्त्यावर आहेत, पप्पांना डाळिंबाच्या बहारामुळं दुकान सोडता येत नाही म्हणून मी जातेय त्याच्याबरोबर. शनिवारी सकाळी साडेसहाची एसटी आहे.